माटेराझी म्हणजे फक्त झिदानची धडक?

'इटलीचा बचावपटू माटेराझीने आयुष्यात केलं काय, तर 2006 च्या फुटबॉल वर्ल्ड कप फायनलमध्ये फ्रान्सच्या झिदानला डिवचलं आणि त्याची डोक्याची धडक खाल्ली' असं म्हटलं जातं, ते अर्धवट आहे. त्याच फायनलमध्ये ज्याच्या फाउलमुळे फ्रान्सला पेनल्टी मिळाली तो हाच, हेडरने बरोबरी साधणारा हाच, आणि शूटआउटमध्ये आपली पेनल्टी न चुकवणाराही हाच. शिवाय 2000-01 मध्ये पेरुजा क्लबकडून बचावपटू असून सेरी आ (इटलीची अव्वल लीग) मध्ये 12 गोल! (बरेचसे पेनल्टीवर, पण गोल तो गोल.)

प्रशिक्षक म्हणून त्याची कारकीर्द मात्र इटलीत नाही, आपल्याकडे घडली, आणि त्याबद्दल फारसं कुणी बोलत नाही. 2014 ला तो इंडियन सुपर लीगमधल्या (आयएसएल) चेन्नईयन संघाचा खेळाडू-प्रशिक्षक म्हणून आला. 2015 मध्ये संघ तळाला गेलेला, तिथून ओळीने सामने जिंकत सेमीफायनलला पोचला. तेवढ्यात चेन्नईत पूर आला, म्हणून कोलकात्याविरुद्धची 'घरची' मॅच पुण्यात, बालेवाडीला झाली. ती 3-0 जिंकली. मग गोव्यात फातोर्ड्याला फायनल, समोर एफसी गोवा, ज्याचा प्रशिक्षक होता ब्राझीलचा महान खेळाडू झिको. 87व्या मिनिटाला जोफ्रेने गोव्याला 2-1 पुढे नेलं तेव्हा स्टेडियम डोक्यावर घेतलं होतं लोकांनी. पुढच्या काही मिनिटांत गोव्याचा गोलकीपर कट्टीमनीचा स्वयंगोल, लगेच चेन्नईयनच्या मेंडोझाचा गोल, चेन्नईयन 3-2 ने विजेते. गोंयकारांना विचारा, त्यांच्या लेखी माटेराझी आठवतो तो याच रात्रीसाठी. 2016 ला संघ सातवा आला आणि त्यानंतर तो गेला, हेही खरंच. पण झिकोला त्याच्या अंगणात हरवणं ही काही साधी गोष्ट नाही.