अनुभव धागा: पाणचक्की आणि तिच्या आसपासची ठिकाणे

नाशिकहून छत्रपती संभाजीनगरला जाणारे बहुतेक जण बीबी का मकबरा पाहून वेळ उरला तरच पाणचक्कीकडे, म्हणजे पाण्याच्या जोरावर चालणाऱ्या जुन्या पिठाच्या चक्कीकडे, वळतात. ज्यांनी तेथे निवांत वेळ काढला आहे, त्यांनी नाशिकमधील आपल्या भागाचे नाव देऊन आपले अनुभव सविस्तर लिहावेत.

गंगापूर रोड
पाटबंधारे खात्यात हयात गेल्यामुळे माझे लक्ष आधी पाण्याकडेच गेले. डोंगराकडील झऱ्याचे पाणी जमिनीखालून मातीच्या नळांतून आणले असून ते एका उंच बांधीव मनोऱ्यात चढते आणि तेथून हौदात कोसळते. पंप नाही, इंजिन नाही, सगळा कारभार उताराच्या हिशेबावर चाललेला. हौदाचा तळ हेच खालच्या दालनाचे छत असल्यामुळे त्या दालनात भर उन्हाळ्यातही गारवा टिकतो, आणि माझ्या मते चक्कीपेक्षाही थक्क करणारी गोष्ट हीच आहे. बाबा शाह मुसाफिर यांच्या दर्ग्यात येणाऱ्या यात्रेकरूंसाठी आणि फकिरांसाठी येथे पीठ दळले जात असे. परिसरातला जुना वडही थांबून पाहण्याजोगा आहे.

पंचवटी
माझ्या सासूबाईंनी जन्मभर जाते ओढले होते. खालच्या आडव्या चक्राच्या पात्यांवर पाण्याचा झोत बसतो आणि वरचा जात्याचा दगड फिरतो, हे वाकून पाहिल्यावर त्या म्हणाल्या, “म्हणजे बाईने नुसते वैरायचे, ओढायचे पाण्याने!” आमच्या घरातील अभियंत्यांनाही इतके थोडक्यात सांगता आले नसते.

नाशिकरोड
आम्ही तपोवन एक्स्प्रेसने दुपारी पोहोचलो. चक्कीला लागूनच महमूद दरवाजा आहे. मलिक अंबरने १६१२ मध्ये उभारलेला भडकल दरवाजाही जवळच आहे, परंतु वाहनांच्या गर्दीत तो धड पाहता येत नाही. मकबऱ्याचा संगमरवर घुमटापुरता आणि भिंतींच्या खालच्या भागापुरता असून उरलेले काम गिलाव्याचे आहे, हे मुलांना जवळ नेऊन दाखवावे. जेवायला नान-खलिया, म्हणजे नान आणि मटणाचा रस्सा!

सिडको
वरील सर्व मान्य, परंतु मे महिन्यात जाऊ नये. आम्ही गेलो तेव्हा मनोऱ्यावरून जेमतेम धार पडत होती. पावसाळा सरता सरता जावे, आणि मोटारीने जाणाऱ्यांनी येवल्यात पैठणीसाठी उतरायचे असल्यास ते परतीच्या वाटेवर ठेवावे, अन्यथा चक्की बंद होण्याच्या वेळेलाच पोहोचाल.