वर्षाचा पॅक संपतोय, कंपनी दर वाढवून सांगतेय. घासाघीस कशी करायची?

राजेंद्रनगर_इंदूर
नमस्कार. फायबर कनेक्शन आहे, १०० एमबीपीएस. गेल्या वर्षी बारा महिन्यांचे पैसे एकदम भरले होते, ६९९ अधिक जीएसटी या भावाने. पॅक या महिन्याच्या २६ तारखेला संपतो. आता त्याच स्पीडला ८४९ अधिक जीएसटी सांगतात, आणि "वर्षाचे भरा, एक महिना फुकट" म्हणतात. मागच्या गल्लीत दुसऱ्या कंपनीचा माणूस नव्या गिऱ्हाइकाला ५९९ ला देतोय. घरात चौघे, एकाचं काम घरूनच, एक टीव्ही. बोलायचं कोणाशी आणि मागायचं काय? सोडायची वेळ आलीच तर काय सांभाळायचं? लँडलाइन नंबर बँकेत दिलेला आहे.

तारवाला
ताई, फोन उचलण्याआधी सगळे भाव एका मापात आणा : जीएसटीसकट, महिन्याला, घरात पडेल तो. जीएसटी १८ टक्के. तुमचे ६९९ म्हणजे ८२४.८२. आता मागतात ते ८४९ म्हणजे १००१.८२. वर्षाला २१२४ रुपयांचा फरक. "एक महिना फुकट" ऐकायला गोड, पण बारा महिन्यांचे १२,०२१.८४ तेरा महिन्यांवर वाटले तरी महिना ९२५ पडतो, जुन्या भावापेक्षा शंभराने जास्त. दरवाढ साडेएकवीस टक्क्यांची आणि सूट पावणेआठची.

आता समोरच्याचे ५९९. जीएसटीसकट ७०६.८२. त्यात इन्स्टॉलेशनचे हजार रुपये लावले तर पहिल्या वर्षी महिना ७९० पडतो. म्हणजे जुनी कंपनी ६९९ वर थांबली तर महिन्याला फरक फक्त ३५ रुपयांचा. भिंतीला नवं भोक, दोन दिवसांची रजा आणि नवा राऊटर बसवण्याची उठाठेव ३५ रुपयांसाठी करू नये, असं माझं मत. तुमचं लक्ष्य ६९९ धरा, ५९९ साठी अडून बसू नका. इन्स्टॉलेशन माफ असेल तर मात्र हिशेब बदलतो, तेव्हा ते आधी विचारून घ्या. आणि दोघांनाही विचारा की "बारा महिने" म्हणजे ३६५ दिवस की ३६०. बऱ्याच पॅकमध्ये महिना तीस दिवसांचाच मोजतात.

तुमचा खरा जोर दुसऱ्या कंपनीची लाइन तुमच्या दारापर्यंत येऊ शकते की नाही, यावर आहे. "गल्लीत फायबर आहे" एवढ्यावर विसंबू नका. खांबावरच्या डब्यात रिकामा पोर्ट, म्हणजे नवी लाइन जोडायची जागा, आहे का, हे त्या माणसाला बघून सांगायला लावा. पोर्ट भरलेले असले की तो पैसे घेतो आणि लाइन लांबणीवर पडते. पोर्ट असेल तर व्हॉट्सॲपवर लिहून घ्या : स्पीड, दर, इन्स्टॉलेशन, राऊटर फुकट की डिपॉझिटवर, डेटा मर्यादा, आणि पहिलं वर्ष संपल्यावरचा दर. हा शेवटचा मुद्दा लोक विसरतात आणि पुढच्या वर्षी इथेच येऊन हाच प्रश्न विचारतात.

फोन पॅक संपायच्या दहा-बारा दिवस आधी करा. लाइन बंद पडल्यावर केलात तर तुम्हाला घाई आहे हे त्यांना दिसतं. वसुलीला येणाऱ्या मुलाशी बोलून उपयोग नाही, दर त्याच्या हातात नसतो. कस्टमर केअरला सरळ हिंदीत सांगा, "कनेक्शन बंद करवाना है, कारण लिखिए : रेट ज़्यादा है," आणि रिक्वेस्ट नंबर घ्या. अशी नोंद झाली की गिऱ्हाईक टिकवणाऱ्या विभागाकडून फोन येतो, आणि खरी बोलणी तिथेच होतात. "दर कमी करा हो" म्हणत राहिलात तर पहिल्या माणसापाशीच अडकाल. तो फोन आला की आवाज चढवू नका. समोरच्याचा दर सांगा आणि विचारा, "जुना दर पुढचं वर्षभर ठेवाल का?" आणि गप्प राहा. पहिली ऑफर जवळजवळ कधीच शेवटची नसते.

मूळ दर बदलत नाही म्हणाले तर जादा दिवस मागा. ८४९ च्या पॅकवर साधारण अडीच महिने जादा मिळाले तरच भाव ६९९ च्या आसपास येतो, त्यामुळे एका महिन्यावर हो म्हणू नका. प्लॅनमध्ये सिनेमा-सिरियलच्या ॲपची वर्गणी घुसवली असेल आणि ती घरात कोणी बघत नसेल, तर त्याशिवायचा प्लॅन विचारा. पुष्कळदा शे-दीडशे रुपये तिथेच असतात.

आणि ठरलेली ऑफर ॲपमध्ये किंवा एसएमएसमध्ये दिसल्याशिवाय एक रुपया भरू नका. फोनवर ६९९ ठरतं, आपण नेहमीच्या पेमेंट ॲपवरून भरायला जातो, तिथे ८४९ चाच पॅक दिसतो आणि "फरक नंतर जमा होईल" असं सांगतात. तो जमा होत नाही.

हिरवं_टोक
दराचं वर आलंच आहे, मी लाइनचं सांगतो, कारण तोही बोलणीतला मुद्दा आहे.

आधी गरज बघा. फोर-के सिनेमाला १५ ते २५ एमबीपीएस लागतात, एचडीला ५, व्हिडिओ मीटिंगला ३-४. चौघांना १०० भरपूर, ५० सुद्धा चालेल. तेव्हा ५० चा दर विचारायला लाजू नका. डेटाची काळजी नको. घरगुती फायबरवर ३३०० जीबीची मर्यादा सर्रास असते, म्हणजे दिवसाला ११० जीबी.

मग मोजा. लॅपटॉप लॅन केबलने थेट राऊटरला जोडा, बाकी सगळं बंद करा, आणि सकाळी एकदा, रात्री नऊ-दहाला एकदा टेस्ट घ्या. १०० च्या प्लॅनला तारेवर ९२ ते ९५ आले तर लाइन ठणठणीत आहे. वायफायवर कमी येतंय म्हणून कंपनीशी भांडू नका. २.४ गिगाहर्ट्झवर दोन भिंतींपलीकडे ३०-४० यायचेच.

तारेवरच कमी आले तर ब्राउझरमध्ये उघडणाऱ्या राऊटरच्या सेटिंगच्या पानावर ऑप्टिकल पॉवर, म्हणजे तारेतून येणाऱ्या प्रकाशाची ताकद, बघा. उणे ८ ते उणे २७ डीबीएम ही साधारण चालणारी हद्द. उणे २६ दिसत असेल तर लाइन काठावर आहे, पावसाळ्यात लाल दिवा लागणार. कारण बहुतेक वेळा घरातच असतं : भिंतीपासून राऊटरपर्यंतची हिरव्या टोकाची बारीक पिवळी वायर टीव्हीच्या कपाटामागे काटकोनात दुमडलेली असते, किंवा टोकावर धूळ असते. ते टोक बोटाने पुसू नका, उघड्या टोकात डोळा लावून बघू नका. तक्रार नोंदवा आणि नंबर जपून ठेवा. अशा तीन-चार तक्रारींचे नंबर हातात असले की टिकवणाऱ्या विभागाशी बोलणं सोपं जातं.

राजेंद्रनगर_इंदूर
दोघांचे आभार. टेस्टमध्ये तारेवर ९३ आले. फोनही आला. ६९९ जमत नाही म्हणाले. ७४९ ला २०० एमबीपीएस देतो, वर्षाचे एकदम भरा. घ्यावं का?

तारवाला
अजून एक पाऊल आहे. ७४९ म्हणजे जीएसटीसकट ८८३.८२, जुन्यापेक्षा महिना ५९ जास्त, वर्षाला ७०८. त्याच्या बदल्यात जे २०० एमबीपीएस मिळतात ते तुम्हाला लागत नाहीत. त्यांना म्हणा, "स्पीड १०० च राहू द्या, ७४९ वर एक महिना जादा द्या." तेरा महिन्यांवर तो भाव जीएसटी न धरता ६९१ पडतो, जुन्यापेक्षा आठ रुपये कमी. मूळ दर न बदलता जादा दिवस देणं त्यांना सोपं जातं, म्हणून इथे होकार मिळायची शक्यता बरी आहे.

२०० च घेणार असाल तर राऊटरचा लॅन पोर्ट (केबल लावायची खाच) गिगाबिट, म्हणजे हजार एमबीपीएसचा, आहे का बघा. साधा १०० चा पोर्ट असेल तर तारेवर ९५ च्या वर आकडा जाणार नाही, कितीही भरा.

भरलेल्या मुदतीत दर वाढवता येत नाही, हा ट्रायचा, म्हणजे दूरसंचार नियामकाचा, नियम आहे. सहा महिन्यांहून जास्त मुदतीचे पैसे आधी घेतले असतील तर तो दर पूर्ण मुदतीला लागू राहतो. म्हणून एसएमएसमध्ये मुदत दिवसांत लिहून आलीय ना, हे बघून मग भरा.

जुनी_छावणी
सोडायचं ठरलं तर एवढं सांभाळा. नवी लाइन चालू होऊन तीन-चार दिवस नीट चालल्याशिवाय जुनी बंद करू नका. प्रीपेड असेल तर मुदत संपली की आपोआप थांबते. पोस्टपेड असेल तर बंद करण्याची नोंद केल्याशिवाय बिल येतच राहतं, नुसता राऊटर काढून ठेवून थांबत नाही.

लँडलाइन नंबर कंपनीबरोबरच जातो. नंबर तोच ठेवून कंपनी बदलण्याची सोय आपल्याकडे मोबाइलला आहे, लँडलाइनला नाही. बँक, गॅस, विमा, जिथे जिथे दिलाय तिथे आधी बदला, मग लाइन कापा.

जुन्या कंपनीचा डबा, म्हणजे राऊटर, दुसऱ्या कंपनीच्या लाइनवर चालत नाही, तो परत द्यायचाच. मागच्या स्टिकरचा सीरियल नंबरसकट फोटो काढा, अडॅप्टरही द्या, आणि नेणाऱ्याकडून तारीख-सही घेतलेली पावती ठेवा. "डबा मिळाला नाही" म्हणून डिपॉझिट अडकलं तर हाच कागद लागतो. नव्या कंपनीचे पैसे ॲपवर किंवा कंपनीच्या लिंकवर भरा, लाइनमनच्या स्वतःच्या यूपीआयवर नको. पावती येत नाही आणि तो दुसऱ्या भागात गेला की विचारायचं कोणाला?

पैसे अडकलेच तर आधी कस्टमर केअरचा तक्रार नंबर, तिथे निकाल पटला नाही तर कंपनीच्याच अपील अधिकाऱ्याकडे ३० दिवसांत अपील. त्यावर ३९ दिवसांत निर्णय द्यावा लागतो. ट्राय एकेकट्याच्या तक्रारी स्वतः घेत नाही. १९१५ वर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन आहे. ग्राहक आयोगातही जाता येतं, २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने टेलिकॉमबाबत तो रस्ता खुला असल्याचं स्पष्ट केलं, आणि पाच लाखांपर्यंतच्या दाव्याला फी लागत नाही.

राजेंद्रनगर_इंदूर
७४९ वर १०० एमबीपीएस आणि एक महिना जादा, हे मान्य झालं. ॲपमध्ये ऑफर उद्या सकाळपर्यंत येईल म्हणाले. ती दिसली आणि मुदत ३९० दिवस लिहिलेली असली तर भरते.

तारवाला
३९० च बघा. ३६० दिसले तर भरू नका, त्याच रिक्वेस्ट नंबरावर परत फोन लावा.