कोजागिरीला १४ जणांसाठी कोणते बैठे खेळ ठेवावेत?

प्रश्न :
यंदा कोजागिरीला आमच्याकडे १४ जण जमणार आहेत. सर्वांत धाकटी भाची ६ वर्षांची आहे आणि सर्वांत ज्येष्ठ आत्या ७८ वर्षांच्या. गेल्या वर्षी गाण्याच्या भेंड्या लावल्या होत्या, परंतु दोन काकाच एकमेकांवर गाणी चढवत राहिले आणि बाकीची मंडळी दूध आटेपर्यंत मोबाइल काढून बसली. सर्वांना सामावून घेणारे जुने खेळ कृपया सुचवावेत.

उत्तर १ :
चल्लस आठ अवश्य मांडावा. फरशीवर खडूने पाच बाय पाच घरांचा पट आखून प्रत्येक बाजूच्या मधल्या घरात आणि अगदी मध्यभागी फुली काढावी. चौघांना प्रत्येकी ४ सोंगट्या द्याव्यात. आमच्याकडे त्या जागी बांगड्यांचे तुकडे, शेंगदाणे आणि डाळीचे दाणे चालत. चार चिंचोक्यांपैकी जितके पांढऱ्या बाजूने पडतील तितके दान. चारही पांढरे पडले तर चल्लस, म्हणजे चार, आणि चारही काळे पडले तर आठ. या दोन्ही दानांवर पुन्हा टाकायला मिळते. फुलीवरची सोंगटी मारता येत नाही आणि प्रतिस्पर्ध्याची एक तरी सोंगटी मारल्याखेरीज आतल्या फेरीत जाता येत नाही. या शेवटच्या नियमामुळेच शांत स्वभावाच्या आत्यासुद्धा भाचीच्या सोंगटीमागे लागतात. दोघादोघांच्या जोड्या केल्यास एका पटावर आठ जण सहज बसतात.

उत्तर २ :
पट उत्तम, तरीही उरलेले सहा जण बघेच राहणार. त्यापेक्षा पत्त्यांचे दोन जोड घेऊन सात-सात जणांचे दोन डाव बदाम सातचे मांडावेत. पाने वाटल्यावर तिघांकडे एकेक पान जास्त येते, एवढीच अडचण. आपल्याकडची छक्की किंवा अठ्ठी दाबून ठेवून इतरांना अडवण्यातली मजा लहान मुलांनाही लगेच कळते. मेंढीकोट मात्र त्या दिवशी नको. त्यात चौघेच लागतात आणि चुकीच्या वेळी दश्शी टाकली म्हणून जोडीदार रात्रभर बोलत नाही, हे मी अनुभवाने सांगतो.

उत्तर ३ :
सावंतवाडीची दशावतारी गंजिफा कोणाकडे असल्यास मुलांना निदान दाखवावी. तिची पाने गोल असून दहा अवतारांची प्रत्येकी १२ याप्रमाणे एकूण १२० पाने असतात. दिवसा ज्याच्याकडे रामाचा राजा असेल त्याने डाव सुरू करायचा आणि रात्री कृष्णाचा राजा असणाऱ्याने, असा संकेत आहे. म्हणजे कोजागिरीला मान कृष्णाचा. पूर्ण डाव मात्र एका बैठकीत शिकवण्याच्या भानगडीत पडू नये.

प्रश्नकर्ता :
आभारी आहे. एक पट आणि बदाम सातचा एक डाव असे ठरवले आहे. चिंचोके पांढरे कसे करावेत?

उत्तर १ :
खरखरीत दगडावर एक बाजू घासावी. चार-पाच जास्त करून ठेवावेत, कारण एखादा हमखास कपाटाखाली जातो.