मदत हवी आहे : माल वाहायला नवा छोटा हत्ती घ्यावा का? तोही इलेक्ट्रिक?

नमस्कार मंडळी. आम्ही ओतूरचे, टोमॅटोवाले. हंगामात एक दिवसाआड माळशेज उतरून कल्याण मार्केटला माल नेतो. जुनी गाडी आता थकली आहे. मागच्या आठवड्यात घाटात क्लच जळाला, वास केबिनभर, आणि भर पावसात क्रेट दुसऱ्या गाडीत भरायची वेळ आली.

जानेवारी 2025 मध्ये दिल्लीच्या भारत मोबिलिटी प्रदर्शनात टाटांनी एस प्रो, म्हणजे नवा छोटा हत्ती, आणि इंट्राची इलेक्ट्रिक पिकअप मांडली होती. तेव्हापासून मन तिकडेच ओढतंय. एस प्रो आता बाजारात आहे, पेट्रोल, सीएनजी आणि इलेक्ट्रिकमध्ये. माल नेते 750 किलो. आमचं भरलेलं क्रेट 22 किलोच्या आसपास, म्हणजे जेमतेम 34 क्रेट. तोडा जास्त निघाला तर दोन खेपा कोण करणार?

इलेक्ट्रिकची एका चार्जिंगची रेंज कंपनी 155 किलोमीटर सांगते. जाताना उतार आहे, पण येताना रिकामी का होईना, अख्खा घाट चढायचा आहे. कोणी घाटात चालवली आहे का? चार्जिंग खरंच किती उरतं? की सरळ मोठी डिझेल पिकअप घेऊ? वापरणाऱ्यांनीच सांगा, दिवाळीआधी ठरवायचं आहे.