मदत हवी आहे: दिवसा उपचार, रात्री घरी अशी सोय संभाजीनगरात कुठे आहे?

नमस्कार मंडळी. आम्ही अंबड तालुक्यातले, जिल्हा जालना. माझा मोठा भाऊ, वय 38, डिप्रेशनमुळे तीन आठवडे ॲडमिट होता. आता घरी आलाय. गोळ्या वेळेवर घेतो, पण चहाचा कप हातात धरून साय येईपर्यंत तसाच बसतो. पंधरा दिवसांनी ओपीडीत पाच मिनिटं भेट होते, तेवढ्यावर भागत नाही हो.

डॉक्टर म्हणाले, 'इंटेन्सिव्ह आउटपेशंट' बघा. म्हणजे आठवड्यातून तीन ते पाच दिवस, दरवेळी तीनेक तास, त्यात समुपदेशन, गटात बोलणं, घरच्यांनाही बोलावतात; मुक्काम घरीच. मोठ्या माणसांसाठी असं घाटीत (तिथलं सरकारी रुग्णालय) किंवा खासगीत कुठे चालतं का? खर्च किती येतो? 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्याने आरोग्य विम्यात मानसिक आजारही धरावा लागतो, पण ॲडमिट न होता क्लेम कुणाला मिळालाय का?

टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या 14416 वर मी रात्री बोललो, मराठीत नीट ऐकून घेतलं. "काही झालं नाही त्याला, कामाला लावा" म्हणणारे गावात पुष्कळ आहेत, इथे कृपया तसं लिहू नका. दादा एकटा बसने येऊ शकत नाही, मीच आणणार. सोयाबीन काढणीआधी सुरू करायचंय.