आभासी चलन, डिजिटल चलन आणि स्टेबलकॉइनची 'गंगाजळी'

प्रश्न: नियमनाविषयीच्या लेखांत डिजिटल चलन, आभासी चलन, कूटचलन (क्रिप्टोकरन्सी) हे शब्द सर्रास एकमेकांच्या जागी येतात. फरक कसा करावा? आणि स्टेबलकॉइनच्या (डॉलरसारख्या चलनाशी भाव बांधलेल्या नाण्याच्या) 'रिझर्व्ह'ला गंगाजळी म्हटलेले चालेल का?

उत्तर १: देणे कोणाच्या माथी आहे ते आधी पाहा. मध्यवर्ती बँकेचे डिजिटल चलन हे नोटेसारखेच तिचे देणे, त्यामुळे 'चलन' म्हणायला हरकत नाही. स्टेबलकॉइन बहुधा ते काढणाऱ्या कंपनीचे देणे असते. बिटकॉइन हे कोणाचेच देणे नाही. म्हणून तिथे परवान्याची अट घालायची ती एक्स्चेंजवर (नाण्यांच्या खरेदी-विक्रीच्या बाजारावर) आणि लोकांची नाणी सांभाळणाऱ्यावर. युरोपीय संघाचा 'मायका' कायदा 'क्रिप्टो-मालमत्ता' म्हणतो, भारताच्या प्राप्तिकर कायद्यात २०२२ पासून 'आभासी डिजिटल मालमत्ता' आहे. ('आभासी' मला पटत नाही. बुडतात ते पैसे खरेच असतात.)

उत्तर २: गंगाजळी नको. ती अडीनडीला ठेवलेली शिल्लक, थोडी कमीजास्त झाली तरी चालते. इथे पाडलेल्या प्रत्येक नाण्यामागे तेवढ्याच किमतीची मालमत्ता लागते, म्हणून 'राखीव मालमत्ता' म्हणा. अमेरिकेच्या २०२५ च्या जीनियस कायद्यानुसार ती रोकड, बँकठेवी, ९३ दिवसांपर्यंत मुदतीची ट्रेझरी बिले (सरकारची अल्पमुदतीची कर्जपत्रे) अशा मोजक्या प्रकारांतच ठेवायची आणि तपशील दरमहा जाहीर करायचा. लांब मुदतीचे रोखे का नकोत? व्याजदर चढले की त्यांचा भाव पडतो, आणि त्याच वेळी लोक पैसे परत मागायला आले तर रोखे तोट्यात विकावे लागतात. ठेवीही निर्धोक नाहीत. मार्च २०२३ मध्ये यूएसडीसी या स्टेबलकॉइनच्या सुमारे ४० अब्ज डॉलरच्या राखीव मालमत्तेपैकी ३.३ अब्ज बुडालेल्या सिलिकॉन व्हॅली बँकेत अडकले आणि एका डॉलरचे नाणे ०.८८ डॉलरच्या आसपास आले. बँका शनिवार-रविवार बंद, नाण्यांचा बाजार मात्र चालू!

प्रश्न: मग 'तारण'?

उत्तर २: ते 'डाय'सारख्या नाण्याला शोभते. तिथे इथर हे दुसरे कूटचलन खरोखर गहाण पडते. त्यातल्या रूढ प्रकारात १०० डॉलरच्या नाण्यांमागे किमान १५० डॉलरचे इथर लागे. भाव पडून प्रमाण त्याखाली गेले की तारण लिलावात निघते.

उत्तर ३: 'रिडेम्प्शन'साठी (नाणे परत देऊन पैसे घेण्यासाठी) 'नाणी मोडणे' लिहू नका. ठेव मोडली की व्याज कापले जाते, तोच अर्थ मनात येतो. मायकात एकाच अधिकृत चलनाशी बांधलेले टोकन धारकाला केव्हाही, एरवी शुल्काविना, पूर्ण किमतीला परत करता येते. 'दर्शनी किमतीने परतफेड' नेमके बसते.