दागिन्यांच्या बक्षिसाला नोंदणी लागतेच असे नाही

दागिने बक्षीस द्यायचे तर नोंदणीकृत बक्षीसपत्र केलेच पाहिजे, असे काही जण म्हणतात. स्थावर मालमत्तेबाबत ते खरे आहे. पण मालमत्ता हस्तांतरण अधिनियम, 1882 च्या कलम 123 नुसार जंगम, म्हणजे दागिन्यांसारख्या हलवता येणाऱ्या, वस्तूंचे बक्षीस नोंदणीकृत दस्ताने किंवा नुसता ताबा देऊनही पूर्ण होते, आणि हा ताबा विकलेल्या मालाचा देतात तसा, म्हणजे उदाहरणार्थ कपाटाची किल्ली सोपवूनही, देता येतो.

खरी अडचण ताब्याचीच असते. आमच्या नात्यातल्या एका आजींनी पाटल्या लाल कापडी बटव्यात घालून वर नातीच्या नावाची चिठ्ठी बांधली होती आणि "या तुझ्याच" असे त्या चारचौघांत सांगतही असत. परंतु बटवा त्यांच्याच पेटीत आणि किल्ली त्यांच्याच कमरेला राहिली. त्यांच्या पश्चात मुलांनी हिस्सा मागितला, तेव्हा त्या चिठ्ठीचा काही उपयोग झाला नाही. इच्छा अगदी स्पष्ट असूनही त्या मुलीला पाटल्या मिळाल्या नाहीत, याचे मला आजही फार वाईट वाटते.

शिवाय कलम 122 प्रमाणे बक्षीस घेणाऱ्याने ते दात्याच्या हयातीत, आणि दाता देण्यास समर्थ असतानाच, स्वीकारावे लागते. दात्याकडे अजून नसलेल्या, त्याला पुढे मिळणाऱ्या वस्तूचे बक्षीस कलम 124 नुसार निरर्थक ठरते. मुस्लिम कायद्यातील हिब्याचे, म्हणजे बक्षिसाचे, नियम मात्र वेगळे आहेत.